लेक दिवाणावर झोपायला तयार झाली, पण…

मैत्रिणींनो, मागे मी इथे विचारलेलं ना, सातवीतली मुलगी अजून माझ्याजवळ झोपते, तिला वेगळं कसं झोपवायचं? तुम्ही म्हणालात, तिच्या आवडीची नवी चादर-उशी आणून दे. आणली.

आमचं डोंबिवलीत वन बीएचके. लेक झाली तेव्हा रात्री खूप रडायची. नवऱ्याची ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट, पहाटेच निघायचं, म्हणून तो हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागला. चार दिवसांसाठी गेलेला, तो तिथलाच झाला. कोणी विचारलं की आम्ही दोघंही लेकीकडे बोट दाखवायचो.

आज सुट्टी, दुपारी जेवणं झाल्यावर लेक स्वतःच नवी उशी घेऊन हॉलमध्ये आली. "बाबा, आजपासून दिवाण माझा. तू आत झोपायचं, आईजवळ."

मी भांडी घासत होते. नळ बंद केला.

हा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "राहू दे गं. मला आता इथलीच सवय झालीये."

मला रागसुद्धा आला नाही, एवढी दमलेय मी. खरं सांगू? जरा हायसंच वाटलं.

लेक आमच्या दोघांकडे बघत राहिली. मग उशी उचलून परत आत निघाली. जाताना मला म्हणाली, "मी तुझ्याजवळच झोपते गं. तुला एकटीला सवय नाहीये."

मुलीची सवय मोडायचे उपाय तुम्ही भरपूर दिलेत. आमची कशी मोडायची, माहितीये कोणाला?