आबांच्या स्कूटरचं मागचं चाक

कामशेतला कुत्र्यांचा दवाखाना चालवायचा म्हणजे औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधांची एक्सपायरी तरी होते! त्यात मी ओझोनचं मशीन आणलं, आणि किस्स्यांना नुसता ऊत आला.

*

लोणावळ्याच्या एक रिटायर्ड बाई, भूगोल शिकवायच्या. त्यांच्या लॅब्रेडॉरची किडनी नाजूक झालेली. मी म्हटलं, "ओझोन हा काही खात्रीचा इलाज नाही. पण सलाईन-औषधांच्या जोडीला देऊन बघू, किडनीला इजा कमी होईल अशी आशा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी जन्मभर पोरांना शिकवलं, ओझोनच्या थराला भोक पडलंय. तुम्हाला बरा मिळाला!"

*

लोहगडवाडीच्या सखुबाईंचा गडाच्या वाटेवर पिठलं-भाकरीचा स्टॉल आहे. त्यांच्या कुत्रीला ओझोन द्यायचा होता. तो बारीक नळीने मागच्या बाजूने सोडतात, हे मी नीट समजावलं.

सखुबाईंनी नळी निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "म्याडम, लोकं ग्यास निगावा म्हनून डाक्टरकडं जात्यात. तुमी भरताय व्हय!"

नळी काढेपर्यंत बाई दाराशी नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

*

वडिवळ्याच्या आबांकडे भाताची खाचरं, एक जुनी निळी स्कूटर आणि बंड्या नावाचा कुत्रा. आबा रोज सकाळी स्कूटर पुसणार आणि बंड्या लगेच मागच्या चाकावर तंगडी वर करणार. वैतागून आबा माझ्याकडे आले.

"म्याडम, ह्याचं मुतनं बंद व्हईल असं कायतरी द्या."

"आबा, ते बंद झालं तर कुत्रा मरेल!"

"मंग निदान माज्या चाकावरचं तरी!"

तशी गोळी अजून निघालेली नाही म्हटल्यावर आबा तणतणत गेले.

*

भातकापणीत तेच आबा बंड्याला शेजाऱ्याच्या जीपमधून घेऊन आले. बांधावर घोणस होती. आबांचा पाय पडणार तेवढ्यात बंड्या मध्ये घुसला आणि घोणस त्याच्या मागच्या तंगडीला चावली.

घोणशीचं विष किडनीवर जातं. विषावरचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, ओझोनही सुरू केला. दोन दिवस लघवीचा थेंब नाही. मी आबांना स्पष्ट सांगितलं, "लघवी सुटली तर वाचेल. नाहीतर अवघड आहे."

"माजीच जीभ काळी," आबा एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा न सांगता निघून गेले. दोन तासांनी परत आले ते स्कूटर घेऊन! दोन पायऱ्या चढवून, आमच्या पारूमावशींनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून, थेट बंड्याच्या पुढ्यात.

"आबा, अहो हा दवाखाना आहे!"

"असूं द्या."

त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि मागचं चाक पुसायला बसले. अगदी रोजच्यासारखं, बंड्याला रोजच्याच शिव्या घालत.

बंड्याने कान टवकारले. धडपडत उठला. मी सलाईनची बाटली वर धरून त्याच्यामागे. त्याने चाक हुंगलं. सुजलेली तंगडी काही वर जाईना. मग तसाच, उभ्या उभ्या, चाकावर धार!

पारूमावशी पोछा घेऊन धावल्या. आबा आडवे आले.

"हात लावू नका, मावशी. ऱ्हाऊं द्या."