पडद्याची पांढरी बाजू

भर मे महिन्यात गांधीबागेच्या कापडबाजारात तीन-तीन चकरा मारणारी बाई एक तर वेडी असते, नाहीतर कुणाची तरी शेजारीण. मी जयाची शेजारीण. तिच्या पश्चिमेच्या खिडकीला पडदा शिवायचा होता, आणि कापड आणायला तिला घर सोडता येत नव्हतं.

ही तीच जया, जिच्या पायाला भिंगरी होती. माहेर भिवापूरचं. तिकडची मिरची आणायची, कुटायची, आणि तिखटाच्या पिशव्या खांद्याला अडकवून अख्खं नागपूर पालथं घालायची. मग तिच्या नवऱ्याला, आनंदरावांना, लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते पाण्याचा घोटही घेत नाहीत. जागे असताना जया नजरेआड झाली की कण्हायला लागतात. मुलगी पिंकी बुटीबोरीला नोकरीत अडकलेली, रविवारी तासभर येऊन जाते. थोडक्यात, जया त्या एका खोलीत आहे.

आमच्या बिल्डिंगसमोरून मेट्रोचा पूल जातो, बरोबर आमच्या मजल्याच्या उंचीवरून. त्याचे खांब उभे होत होते तेव्हा जया सगळ्यांना सांगायची, पहिल्या दिवशी मीच बसणार. गाडी सुरू व्हायला आणि आनंदराव अंथरुणाला खिळायला एकच गाठ पडली. ती आजवर बसली नाही.

खोलीला दोन खिडक्या. एकीत कूलर, दुसरी पश्चिमेची. दुपार कलली की तिथलं ऊन थेट पलंगावर येतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना ऊन लागलं तर जिवावर बेतेल.

पहिल्यांदा मी मखमलीचा तुकडा दाखवायला आणला. जयाने तो खिडकीला लावला, डोळा अगदी जवळ नेला आणि म्हणाली, "हे नाही." दुसऱ्यांदा मागून रबरासारखा थर असलेलं ब्लॅकआऊट आणलं. तेही नाही. तिसऱ्यांदा एक विरविरीत खादी तिच्या मनात भरली. त्यातून पूल दिसत होता, आणि ऊनही सरळ आनंदरावांच्या तोंडावर पडत होतं.

माझं डोकं सटकलं. घामाने माझा पदर भिजलेला, आणि ही नवरीने साडी निवडावी तशी कापड निवडत बसलेली.

"जया, तू कापड पाहून राहिली का कापडातून पाहून राहिली? ऊन थांबवाचं हाय ना वं?"

तेवढ्यात गाडी आली. ती जाईपर्यंत जया खिडकीशी उभी राहिली.

"ताई, मले हे गाडी दिसली पायजे," ती म्हणाली. "त्यातले लोकं इकडं पाह्यतात. एखादं लेकरू हात हालवते. मी बी हालवते."

ऊन अडवील आणि मेट्रो तेवढी आत येऊ देईल असं कापड गांधीबागेत काय, कुठेच मिळत नाही. मला तिची कीव आली आणि रागही आला. तो कुणावर काढायचा ते कळेना.

दोनच दिवसांनी त्या उन्हाने आनंदरावांचं अंग तव्यासारखं तापलं, डोळे फिरले. ओल्या चादरीत गुंडाळून, डॉक्टरांना बोलावून, संध्याकाळी कुठे ते भानावर आले. जयाने ब्लॅकआऊटचा तुकडा उचलला, खिडकीला न लावताच माझ्या हातात दिला.

"हेच आणा. आन् अस्तराले पांढरं मांजरपाट. पांढरी बाजू उन्हाकडं केली का ताप परतते."

तिने पडदा घरच्या मशीनवर शिवला. कडेने फट राहू नये म्हणून दोन्ही बाजू खिळ्यांना बांधल्या. खोलीत अंधार झाला, फरशी गार पडली, आणि आनंदराव कित्येक दिवसांनी दुपारचे गाढ झोपले.

तिथेच मला सुचलं. "ते झोपले हाय. मी बसते इथं. तू जा, मेट्रोत बसून ये."

जयाने ठेवणीतली साडी काढली. दारातून दोनदा परत आली, आनंदरावांच्या छातीवर हात ठेवून पाहिला, मग गेली.

मी अंधारात बसले. बाहेर ऊन आहे की ढग आले, काही कळत नव्हतं. गाडी गेली, तिचा नुसता आवाज आला. थोड्याच वेळात मला घुसमटायला लागलं. आणि मी तर जया आली की उठून घरी जाणार होते.

जया लवकरच परतली. "कशी होती वं गाडी?" मी विचारलं.

"गार हाय. बसाले जागा भेटली." ती पलंगाच्या कडेला टेकली. "आपली खिडकी दिसली, ताई. निस्ती पांढरी. बाजूच्या बाईचं लेकरू सगळ्या खिडक्यायले हात हालवून राहिलं होतं. आपली आली आन् त्यानं हात खाली घेतला. मायले म्हणते, तिथं कोणी नाही राहत."

"अधूनमधून सारत जा ना वं पडदा थोडासा," मी म्हटलं.

जयाने आनंदरावांकडे पाहिलं. ते तोंड किंचित उघडं टाकून शांत झोपले होते.

"झोपू द्या त्याईले," ती म्हणाली आणि साडी बदलायला उठली.