सरदार पळणार नाही

आमची सोसायटी पालेगावात. दर शिवजयंतीला खाली पार्किंगमध्ये स्टेज बांधून नाटुकलं होतं. त्यात मुघल सरदाराचं काम घ्यायला कोणी तयार नसतं, कारण ते ठरून गेलेलं आहे: पोटाला उशी बांधायची, मोडक्या हिंदीत ओरडायचं आणि मावळे आले की पगडी टाकून पळायचं. लोक पोट धरून हसतात. या वर्षी ते काम माझ्याकडे आलं.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. हाती आलेली वस्तू तपासल्याशिवाय पुढे देत नाही. म्हणून आधी वाचनालयात गेलो. तिथे अशाच एका सरदाराची माहिती मिळाली. जन्म इराणातला. तरुणपणी नोकरीसाठी हिंदुस्थानात आला, दख्खनच्या मोहिमांत म्हातारा झाला, घरी परत गेलाच नाही. मुघलांकडे सरदाराला दोन आकडे मिळत: एक त्याच्या दर्जाचा, दुसरा त्याने पदरी ठेवायच्या स्वारांचा. तपासणीला उसने घोडे उभे करता येऊ नयेत म्हणून घोड्यांना डाग देत. हे वाचलं आणि माणूस ओळखीचा वाटला. स्टॉक तपासणीच्या दिवशी शेजारच्या खात्यातून माल उसना आणणारे मी पाहिले आहेत.

नाटक बसवणारे काका आमच्याच मजल्यावरचे, निवृत्त हेडमास्तर. तालमीत मी त्यांना म्हटलं, "काका, उशी नको. आणि मी पळणार नाही."

"मग काय, जिंकणार?"

"हरणार. पण चालत जाणार."

"अहो, लोक हसायला येतात."

"समोर विदूषक उभा केला तर मावळ्यांचा पराक्रम तो कसला?"

काकांनी बराच वेळ चष्मा पुसला. "बरं. पण हुर्यो झाली तर पुढच्या वर्षी पडदा ओढायला बसवीन."

घरी बायको म्हणाली, "घरात कधी झाडू उचलला नाहीत, तलवार झेपेल ना?"

अंगरखा भाड्याने आणायला जवळच्या सिंधी वस्तीच्या बाजारात, कॅम्प पाचला गेलो. दुकानदाराने न विचारता उशीही पिशवीत टाकली. "मुगल है ना, साईं? तकिया साथ में आता है." मी ती काढून काउंटरवर ठेवली.

प्रयोगात मावळे स्टेजवर आले आणि पहिल्या रांगेत हशा सुरू झाला, आधीच, सवयीने. विंगेत काकांचा धीर सुटला. ते हात हलवत "पळा, पळा" म्हणू लागले. मी तलवार दोन्ही हातांनी खाली ठेवली आणि माझं एकच वाक्य म्हटलं, "दूरच्या मुलखातून आलो. पण अशी माणसं कुठे पाहिली नाहीत." हशा थांबला. स्टेज लहान आहे, चार पावलांत संपतं. ती मी सावकाश टाकली.

टाळ्या मावळ्यांना पडल्या, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पडत राहिल्या.

विंगेत काकांनी हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"उशी नाही," मी म्हटलं.