पितृपक्षात राहून गेलेली सही

आमच्या कॉलनीतल्या एका सुनेने नुकताच दुसरा फ्लॅट घेतला. राहायला नाही, भाड्याने द्यायला. पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, तुमचं खालचं घर इतकी वर्षं भाड्याने आहे. भाडेकरू कसा निवडायचा ते सांगा ना."

मी म्हटलं, "अगं, माझा भाडेकरू तर सोन्यासारखा आहे. तिथेच तर सगळं अडलंय."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

तर झालं असं. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तरुणपणी घेतलं तेव्हा जिन्याचं काय वाटणार! मी तर पिठाचा डबा कडेवर घेऊन चढायची. पुढे आमचे हे रिटायर झाले आणि त्याच सुमाराला आमच्याच बिल्डिंगचा तळमजला विकायला निघाला. हे म्हणाले, "घेऊन टाकू. गुडघे गेले की खाली राहायला जाऊ, तोवर भाडं येईल." बायकांच्या नावावर घेतलं की सरकारी शुल्कात थोडी सवलत मिळते, म्हणून घर माझ्या नावावर झालं. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

भाडेकरू आला तो देवळ्याकडचा. इथे द्वारका चौकात गाड्यांच्या पार्टच्या दुकानात कामाला. बायको घरीच साड्यांना फॉल-पिको करून देते, आणि सोबत त्याची म्हातारी आई. माणसं बघूनच मला आवडली. करार अकरा महिन्यांचा, स्टँपपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून. तो सरकारदरबारी नोंदवायचा असतो हे आम्हाला कुठे माहीत!

ते अकरा महिने संपले नेमके पितृपक्षात. एजंटाचा फोन आला, "काकू, नवा करार करून घेऊ, या सहीला." मी म्हटलं, "पितरांच्या पंधरवड्यात नव्या कागदावर सही? मी नाही करायची. घट बसू देत." घट बसले, तर माझे नऊ दिवसांचे उपास. मग दिवाळी. दिवाळीनंतर एजंटही विसरला आणि मीही. भाडेकरू महिन्याच्या महिन्याला वर येऊन भाडं देत होता. त्याची आई गावाकडून आलेले कांदे पाठवत होती. कागद कोणाला आठवतो?

दोनेक वर्षांनी आठवला. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. म्हणाला, आता सगळं ऑनलाइन नोंदवायचं. भाडेकरूचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. माझा लागेना. पुसून लावला, तेल लावून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. मशीन आपलं लाल ते लालच.

"काकू, तुमच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत," एजंट म्हणाला.

"भांड्यांच्या राखेत गेल्या त्या. तिथे शोध जा," मी म्हटलं, आणि सगळे हसलो. तो म्हणाला, आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने द्या, मग करू. मी जाते म्हणाले. गेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिला तो एकच शब्द, "खाली". भूक लागली तरी खाली, पाणी हवं तरी खाली. पण पुष्कळदा त्यांना खरोखरच खालीच म्हणायचं असतं. डावा हात जमिनीकडे दाखवतात. त्याच दिवसासाठी तर घर घेतलं होतं ना त्यांनी.

मी फॉल लावायला साडी घेऊन खाली गेले. साडीचं निमित्त. भाडेकरूच्या बायकोला म्हटलं, "बाई गं, आता आम्हाला घर लागेल."

तिने मशीन थांबवलं. "काकू, लागेलच की तुम्हाला. आम्ही बघतो."

आणि बघितलं त्यांनी, खोटं नाही. पण आजकालच्या नव्या बिल्डिंगांना तळमजला असतो कुठे? खाली नुसतं पार्किंग. लिफ्टच्या घराचं भाडं त्याला झेपायचं नाही. मग मी म्हटलं, आपण अदलाबदल करू. तुम्ही आमच्या तिसऱ्या मजल्यावर या, आम्ही खाली येतो.

त्याची आई खाटेवर पाय पसरून बसली होती. दोन्ही गुडघे सुजलेले. ती म्हणाली, "मी एकदा वर गेली ना माय, मंग मला चौघंच खाली आणतील."

सून ओरडली, "आई, काय बोलता!"

"खोटं बोलते का? अन् साडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर तुझ्याकडं कोण चढंल? तुझा धंदाबी बसला मंग." मग माझा हात धरून म्हणाली, "तुझं घर हे, तू सांग. आम्ही निघतो. पर कुठं निघू तेबी तूच सांग."

मी जिना चढून वर आले.

मालेगावला दिलेली आमची एकुलती एक मुलगी फोनवर चिडली. "आई, तुझ्या नावावरचं घर आणि तूच मागायला लाजतेस?" ती स्वतः आली आणि मला वकिलाकडे घेऊन गेली. वकिलाने तो जुना स्टँपपेपर उलटापालटा करून बघितला.

"मावशी, हा नोंदवलेला नाही. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. वर मुदत संपल्यावर तुम्ही भाडं घेत राहिलात. कोर्टात तो म्हणेल, मी कायमचा भाडेकरू."

"तो नाही तसं म्हणणार."

"त्याचा वकील म्हणेल. केस करू आपण, पण निकाल कधी लागेल ते मी सांगू शकत नाही. मिस्टरांचं वय काय?"

मी सांगितलं. त्याने स्टँपपेपर घडी करून मला परत दिला. नोटीस मात्र लिहून दिली. मी सही करून ती पर्समध्ये ठेवली. त्या दिवशी पंचांग बघितलं नाही.

आता ती नोटीस द्यायची कोणाला, ते ऐका. यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं. दर खेपेला तिसऱ्या मजल्यावरून यांना पाठीवर घेऊन उतरवतो तो माझा भाडेकरूच. कांद्याच्या गोण्या वाहिलेला माणूस. "काका, धरा घट्ट," म्हणतो आणि एकेक पायरी मोजत उतरतो. मी मागून यांचा लुळा हात धरून चालते.

परवा दवाखान्यातून परत आलो. तो दम घ्यायला खाली थांबला आणि यांना त्याच्याच घरात, म्हणजे आमच्याच घरात, खुर्चीवर बसवलं. त्याच्या बायकोने चहा आणला, आईने पदराने यांचं तोंड पुसलं. हे खिडकीतून अंगण बघत बसले. रस्त्यावरची भाजीची गाडी बघितली. कित्येक दिवसांनी यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. पर्स माझ्या मांडीवर होती, नोटीस तिच्यात. मी चेनसुद्धा उघडली. म्हातारी म्हणाली, "साखर कमी पडली का गं?" मी म्हटलं, "नाही, बरोबर आहे." चेन लावून टाकली.

निघताना त्याने यांना पाठीवर घेतलं. दारातून बाहेर पडताना यांनी डाव्या हाताने जाळीचा दरवाजा धरला. सोडेनात. "खाली," म्हणाले. "खाली, खाली."

"काका, सोडा ना. वर जायचंय आपल्याला."

हे सोडेनात. त्याच्या बायकोने येऊन यांची बोटं एकेक करून सोडवली. हळूच, लहान मुलाची सोडवावीत तशी. ती रडत होती. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या दरवाजाची मालकीण मी, आणि पर्स छातीशी धरून बाजूला उभी.

यांना घेऊन तो जिना चढू लागला. यांच्या पायातली चप्पल उंबऱ्यात गळून पडली होती. ती उचलली आणि मी त्यांच्या मागे निघाले.