गंगाताई आणि अंगठ्याआधीचा प्रश्न

गंगाताई आडे यांची माझी पहिली भेट म्हणजे खरं तर माझ्या फजितीची गोष्ट आहे. बी.कॉम. होऊन मी महागावच्या आमच्या पतसंस्थेत कारकून म्हणून रुजू झालो, तो पहिलाच दिवस. ताई तेव्हा व्यवस्थापक होत्या. समोर तांड्यावरच्या जमनाबाई मुदत ठेव ठेवायला आलेल्या. "विलास, नियम समजावून सांग यायले," ताई म्हणाल्या. मी अर्जामागचा बारीक मजकूर घडाघडा वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. ताईंनी तो उचलून बाजूला ठेवला. "जमने, आता तू सांग. काय समजलं?"

जमनाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सायेब लय शिकेल हायेत, एवढं समजलं."

सगळं ऑफिस हसलं, ताई मात्र हसल्या नाहीत. त्या स्वतः त्याच तांड्यात वाढलेल्या. त्यांनी गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा भाषेत, सावकाश सगळं सांगितलं आणि पुन्हा विचारलं. या खेपेला उत्तर आलं, "वरीसभर हात लावाचा नाही. मधात लागले तं भेटतीन, पन याज कमी." मग कुठे अंगठा घेतला गेला.

"समजलं का?" असं ताईंनी कधी कुणाला विचारलं नाही, कारण त्याला कुणीही मान हलवतं. "आता तुमी सांगा," हा त्यांचा प्रश्न. आम्ही त्याला 'उलटतपासणी' म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी. रांग लांबायची, माझा जेवणाचा डबा थंड व्हायचा, मी कुरकुरायचो. माझा स्वभावच मुळात उतावळा.

कुणापासून काही झाकायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला. संचालकांच्या नातेवाइकांची थकलेली कर्जं त्या वार्षिक सभेत मोठ्यानं वाचत. एका वर्षी यादीत त्यांच्या सख्ख्या भावाचं नाव होतं. तेही त्यांनी त्याच आवाजात वाचलं. पुढच्या दोन भाऊबिजांना भाऊ आला नाही. ताईंना फार लागलं ते, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

माझी पत्नी यवतमाळच्या दवाखान्यात होती, तेव्हा मी रांग मोडून कर्ज मागितलं. ताईंनी साफ नकार दिला. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचतो तर ताई पिशवीत भाकरी बांधून खाटेशेजारी बसलेल्या. "रांग मोडता येत नाही, एसटी तं पकडता येते," एवढंच म्हणाल्या. आठ दिवस त्या तिथून हलल्या नाहीत.

मग शेजारच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा व्हरांडा माणसांनी भरला. मी घाईघाईनं शटर अर्धं ओढून घेतलं. ताई ओरडल्या, "वर कर! शटर अर्धं खाली आलं का मानसाचा जीव पुरा खाली येते." त्यांनी आपली खुर्ची बाहेर नेली. आता काही गोड आश्वासन देतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "सगळ्यायचा सगळा पैसा आज तिजोरीत नाही. तो तुमच्याच लोकायले कर्जानं देल्ला हाय. कोनाची मोटर बसली, कोनाची पोरगी नर्सिंगले गेली. हप्त्याहप्त्यानं वापस येते. ज्याले आज गरज हाय त्यानं न्या. आता तुमी सांगा."

घाबरलेल्या गर्दीला असं कुणी सांगतं? सोयाबीनवाले गणपतराव अगदी पुढे उभे होते. ते मागे वळून मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे पैसा पेटीत नाही, गावात हाय." काहींनी पैसे काढले, बरेच जण घरी गेले. मला पुढचा महिनाभर धड झोप लागली नाही. संस्था मात्र टिकली.

हे सगळं आज लिहितानाही माझा एक डोळा व्हरांड्याकडे आहे. त्याचं कारण सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. निवृत्त झालेल्या ताईंच्या पंचाहत्तरीची पत्रिका आम्ही हौसेनं छापली. वर ताईंचा फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली 'कृतज्ञता'. आमच्या भागात फोटोभोवती फुलं म्हटली की लोक एकच अर्थ काढतात. उमरखेडपर्यंत बातमी पोचली की ताई गेल्या. सकाळी दहा वाजता संस्थेतल्या बाकावर बसायला जागा नव्हती, आणि जो तो ठेव मोडायला आलेला.

मी ताईंना फोन केला. लोकांचा त्यांच्यावर केवढा जीव, हे ऐकून त्यांना बरं वाटेल असा माझा भाबडा समज. त्या संतापल्या. "मंग इतके वर्षं आपन केलं काय? माह्यं तोंड दाखवलं?" त्या आल्या, पण आपल्या जुन्या खुर्चीवर बसल्या नाहीत. बाकावर जमनाबाईंशेजारी बसून म्हणाल्या, "विलास, तू सांग."

ठेवींचा पैसा कुठे आहे आणि कसा परत येतो, ते मी सांगितलं. अर्ज न वाचता, जमेल तसं, थोडं गोरबोलीत अडखळत. ताई जमनाबाईंकडे वळल्या. "आता तू सांग."

"पैसा गावात हाय," जमनाबाई म्हणाल्या. "तू नसली तरी गाव राहीन." मग माझ्याकडे बोट केलं. "अर्धे मोडतो मी. अर्धे राहू दे. याले अजून पाहाचं हाय."

ताईंनी पॅड स्वतःच्या हातानं पुढे केला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण अंगठा उमटताना ताई माझ्याकडे पाहून मान डोलवत होत्या.

गंगाताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या ठेवींना राखण म्हणून नव्हे, तर नातवंडांत, भाकरीच्या चुलीपाशी, त्यांच्या स्वतःच्या सुखासाठी लाभो. राखणीचं आमचं आम्हाला शिकायचं आहे. त्यांच्या शंभरीची पत्रिका आम्ही छापू, तिच्यावरही फुलं काढू. त्या दिवशी घाबरून कुणी काउंटरवर येऊ नये. लोकांनी नुसतं जेवायला यावं.