नाईबाईचं ‘नाई’

नाही म्हणताना माणूस पुढे काहीतरी जोडतो. बरं वाटत नाही, घरी काम आहे, पुढच्या वेळी नक्की. नाईबाई काहीच जोडायची नाही. चंद्रपूरच्या नर्सिंग वसतिगृहात आम्ही एका खोलीत आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, “सिनेमाले येते का?” ती म्हणाली, “नाई,” आणि पुन्हा केस विंचरायला लागली. मी कारणाची वाट बघत उभी. कारण आलंच नाही.

ती हेमलकशाच्याही पलीकडची. घरी माडिया बोलायची, मराठी ती शाळेत शिकलेली. मुलींनी तिचं नाव नाईबाई पाडलं आणि ती घमंडी आहे असंही ठरवून टाकलं. तोंडावर गोड बोलून पाठीमागे बोटं मोडणाऱ्या मनमिळाऊ, आणि समोर खरं सांगणारी घमंडी. हा न्याय मला तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही.

माझी तऱ्हा उलटी. आम्ही गोंडपिपरीचे लोक कुणाला दुखवत नाही. नको असलं की ‘पाहू’ म्हणतो. तिच्या गावी पंडुम होता, म्हणजे नव्या पिकाचा सण. तिने खोलीतल्या आम्हा तिघींना बोलावलं. आम्ही तिघीही म्हणालो, “पाहू.” सुट्टीहून ती परतली ती फुगूनच.

“दिवसभर फाट्यावर उभी होती मी,” ती म्हणाली.

“अवं, आम्ही येतो कुठी म्हनलं?”

“पाहू म्हनलं ना? मंग मी वाट पाहून राह्यली.”

‘पाहू’ म्हणजे नाही, हे तिला समजावून सांगावं लागलं. ती म्हणाली, “मंग नाई म्हनाले का दुखते तुमाले?” आमची मैत्री झाली ती त्यानंतर. तिचं ‘हो’ बिनधास्त धरून चालता यायचं, आणि असं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी माझे काकाजी स्थळ घेऊन वसतिगृहात येऊन बसले. पोराची राइस मिल, पोरगी पसंत, आता शिक्षण पुरे.

“सामान भर,” ते म्हणाले. “तुझ्या बाबाले मी हो सांगून टाकलं.”

“पाहू ना काकाजी,” मी म्हणाले. मला नर्स व्हायचं होतं, अगदी पोटातून व्हायचं होतं, आणि तोंडातून दुसरं काही निघेना.

“पाहाचं का त्याच्यात? भर.”

“पाहू...”

नाईबाई दोरीवर कपडे घालत होती. तिथूनच म्हणाली, “काकाजी, तिचं पाहू म्हंजे नाई हाय.”

“तू कोन मंधात बोलनारी?”

“मैत्रीण.”

काकाजी माझ्याकडे वळले. “खरं बोलून राह्यली का ही?”

तिने पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला. माझ्या वाटचं बोलणं तिने माझ्यावरच सोडलं.

“हो,” मी म्हणाले. “मी येत नाई.”

घरचे वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. न बोलोत. आम्ही दोघी पास झालो. ती परत जंगलात, तिकडच्या उपकेंद्रात गेली. मी इथे वॉर्डात लागले.

काकाजी अजूनही पाहुण्यांपुढे सांगतात, “त्या जंगलातल्या पोरीनं आमची पोरगी बिघडवली.”

मी तिथे असले की लगेच दुरुस्ती करते. “तिले पोरगी नोका म्हनू, काकाजी. सिस्टर हाय ते माझी.”