आमचा एकुलता एक पोलीस

मला त्या कमिटीत घेतलं ते मी फार शहाणी म्हणून नव्हे. हिंदुस्थानातून आलेल्यांचं एखादं माणूस बाकावर दिसायला हवं होतं, म्हणून घेतलं. हे मी तेव्हाही तोंडावर बोलून दाखवलं होतं. इस्रायलमधल्या आमच्या लोद गावच्या नगरपालिकेत कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी फक्त पोलिसांनी ऐकू नयेत, गावातल्या चार साध्या माणसांनीही ऐकाव्यात, आणि नव्या शिपायांना काय शिकवतात तेही जाऊन बघावं. चार काही मिळाली नाहीत, तिघांवर भागवलं. अध्यक्ष रुमानियाचे केमिस्ट, दुसरा त्रिपोलीहून आलेला बेकरीवाला, आणि तिसरी मी. मी ठाण्याला शाळेत शिकवायची आणि इथे येऊन हिब्रू चटकन उचललं होतं, एवढंच माझं भांडवल.

उमेदवार शिपायाला कायम करायचं की नाही, यात आमच्या मताला वजन होतं. आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपात होते. ते म्हणाले, "चला, आता घरात फौजदारीण!" मी म्हटलं, "मग नीट वागा." असे ते चेष्टेचे दिवस होते.

उमेदवारांत एक आमचा होता. बेने इस्रायल, म्हणजे आमच्यासारखाच कोकणातला ज्यू, रेवदंड्याकडचा, पण वाढला मुंबईत. ते लोक आमच्या घरामागे मअबरात राहायचे, म्हणजे नव्यानं आलेल्यांसाठी टाकलेल्या पत्र्याच्या खोल्यांत. उन्हाळ्यात आत भाकरी भाजून निघावी आणि पावसात चूल वाहून जावी, अशी ती घरं. पोरगा कायम झाला की पक्क्या भिंतींचं घर मिळणार होतं. त्याची आई मला ताई म्हणायची. तिच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. "ताई, माझ्या पोराला एकदा चिकटू दे, मग मी डोळे मिटायला मोकळी." मी म्हणायची, "अगं, आधी घर तर बघ, मग मीट." आमच्या सगळ्या वस्तीचाच तो पोलीस होता. खाकी घालून तो गल्लीतून गेला की म्हाताऱ्या त्याची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडायच्या. ज्या गावात आम्हाला काळे म्हणून दुकानदार शेवटी माल द्यायचा, त्या गावात आमचा एक पोलीस! साधी गोष्ट होती का ती?

पोलीस ठाण्यामागच्या अंगणात त्यांचं शिक्षण चालायचं. आम्ही तिघं भिंतीच्या सावलीत खुर्च्या टाकून बघायचो. शिकवणारा सार्जंट पोलंडचा, आवाज फाटका, पण सांगायचा ते सोन्यासारखं. आधी तोंड, मग हात. माणसाला थांबवलंस की नाव विचार, कुठे निघालास विचार, ऐकून घे. हात शेवटी, आणि तोही धरायला, मारायला नाही. आमचा पोरगा कवायतीत पहिला. पण हिब्रू वाक्यं तो घोकून म्हणायचा, पोपटासारखी. मी जन्माची मास्तरीण, मला कळलं नाही तर कुणाला कळणार? काहीही विचारा, तो "केन, केन" म्हणजे हो, हो करायचा. मी सार्जंटला म्हटलं, याला बोलायला येत नाही, हा तोंड आधी कसं वापरणार? सार्जंट हसला. रस्त्यावर उभा राहिला की येईल, म्हणाला.

मग मीच पोराला म्हटलं, संध्याकाळी घरी येत जा, शिकवते. यायचा बिचारा. मावशी, मावशी करायचा, आणि एकेक शब्द असा उचलायचा, जणू विहिरीतून हंडा काढतोय. पुढे एकाएकी यायचा बंद झाला. मी निरोप धाडला तर आई म्हणाली, त्याला रोज उशीर होतो, बुटांना चिखल लावून येतो, ड्युटी आहे म्हणतो. मी चिडले. म्हटलं, अंगावर खाकी चढली नाही तोच माज चढला!

त्याच आठवड्यात कमिटीपुढे तक्रार आली. जुन्या गावात राहिलेल्या अरबांपैकी एक म्हातारा, हातगाडीवर काकड्या विकायचा. बाजारातल्या वळणावर गाडी आडवी आली, बस अडकली. ड्युटीवरच्या उमेदवार शिपायानं गाडी हटवायला सांगितलं, म्हाताऱ्याला कळलं नाही, आणि शिपायानं दंडुका हाणला तो त्याच्या उजव्या मनगटावर. हाड मोडलं. तक्रार म्हाताऱ्याच्या मुलीनं केली होती. शिपाई कोण? आमचाच. चौकशी होईपर्यंत बाहेर कुणाकडे बोलायचं नाही, अशी अध्यक्षांनी ताकीद दिली, आणि ती बरोबरच होती.

आणि नेमकं त्याच वेळी त्याच्या आईनं नवसाचा मलिदा घातला. अगं बाई, शिक्षण संपलं म्हणजे नोकरी लागली, असं तिनं मनाशी धरलेलं! मुंबईहून नुकत्याच आलेल्या कुणाच्या ट्रंकेत पोहे होते, ते तिनं मागून आणले. नारळ नव्हताच. साखर, खजूर, जी मिळाली ती फळं, आणि कुणीतरी पुडीत जपून ठेवलेली वेलची. आमचा प्रेषित एलियाहू हन्नावी, त्याचं नाव घेऊन पुरुषांनी गाणी म्हटली. नवसाच्या मलिद्याला नाही म्हणायचं नसतं. तिनं पहिली बशी माझ्यापुढे धरली. म्हणाली, "ताई, तुमच्या पायगुणानं झालं सगळं. खा." तो पोरगा मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभा. माझ्याकडे बघेना.

मी खाल्ला. नाही म्हटलं असतं तर बोभाटा झाला असता, आणि खाल्ला तर हे असं. घासागणिक वाटत होतं, मी या बाईला फसवते आहे. ती समजली की ताईनं मलिदा खाल्ला, ताई आपल्या बाजूची. दुसरं काय समजेल कुणी?

चौकशीच्या दिवशी मी एक ठरवून गेले होते. पोराशी मराठीत एक शब्द बोलायचा नाही. नाहीतर उद्या म्हणतील, बघा, आपल्या माणसाशी कानगोष्टी करून सांभाळून घेतलं. मोठी आले मी न्यायाची पुतळी! त्याला पुढे बोलावलं. मी हिब्रूत विचारलं, "मारलंस?" तो म्हणाला, "केन." "त्यानं काही केलं होतं का?" त्यानं मान हलवली, नाही. केमिस्टांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? तो माझ्याकडे बघत राहिला. मी खाली कागदांकडे बघितलं.

मग म्हातारा आला. उजवा हात गळ्यात बांधलेला. बेकरीवाल्याला अरबी येत होतं, तो दुभाषा झाला. मारलं का, कशानं, कुठे, एवढं विचारून झालं. म्हातारा उत्तरं देऊन थांबेना. आणखी काही सांगू लागला, डावा हात पुढे करून, इतक्या घाईघाईनं की त्रिपोलीची अरबी बोलणाऱ्या बेकरीवाल्यालाही धड कळेना. मला बघवेना. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला उभं करून गाऱ्हाणं घालायला लावत नाहीत. मी उठले, खुर्ची पुढे सरकवली, म्हटलं, "बास, बाबा, बसा तुम्ही. समजलं आम्हाला सगळं." त्याला ग्लास धरता येईना, तर मीच पाणी पाजलं. बेकरीवाल्याचेही डोळे भरले. म्हातारा पाणी प्यायला, माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि गप्प बसला. मला वाटलं, आशीर्वाद देतोय.

मतं घेतली. केमिस्ट म्हणाले, एका अरबाच्या मनगटापायी आपल्या पोराचं आयुष्य नासायचं का? कायम करा. बेकरीवाला म्हणाला, त्रिपोलीत मोडायची ती मनगटं आमची होती, माझं मत, कायम नको. दोघं माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, कायम नका करू, पण पुन्हा पहिल्यापासून शिकवा त्याला, भाषा शिकवा. पोलीस ठाण्याचे मुख्य म्हणाले, तशी सोय नाही. हो किंवा नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय करणार? माझ्या डोळ्यांपुढून ते बांधलेलं मनगट हलेना. मी नाही म्हटलं.

कमिटीनं मतं बाहेर सांगायची नव्हती, पण भिंतींना कान असतातच. आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "एक होता आपला, तोही तू घालवलास." त्याची आई दारात आली. मी म्हटलं, आत ये. ती उंबऱ्याबाहेरच उभी. म्हणाली, "याचा बाप मुंबईत हातगाडी ओढायचा. वळणावर गाडी अडकली की हवालदार दंडुक्यानं फोडायचा त्याला, पोरगा मागून गाडी ढकलत असायचा. पोलीस म्हणजे काय, ते माझ्या पोरानं तिथं बघितलं. तेव्हा कुठे होती हो तुमची कमिटी, बाई?" ताईची बाई झाले मी. जाता जाता म्हणाली, "मलिदा तरी खायचा नव्हतात."

पुढे ते कुटुंब ओफाकिमला गेलं. तिथे दक्षिणेत नवं गाव वसत होतं, कापडाच्या गिरणीत माणसं हवी होती. त्यांचा पत्रा रिकामा झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो समोरच दिसायचा, तर मी खिडकीला पडदा लावला.

बऱ्याच दिवसांनी एका शुक्रवारी बेकरीवाल्याकडे पाव घ्यायला गेले, तर दुकानापुढे तीच काकड्यांची गाडी. म्हातारा मला ओळखून उठला आणि अरबीत काहीतरी विचारू लागला. बेकरीवाला पिठाचे हात पुसत बाहेर आला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"विचारतो आहे, तुमचा तो हिंदी पोरगा कुठे गेला."

मी म्हटलं, "त्याला काय करायचंय?"

बेकरीवाल्यानं त्याला विचारून विचारून मला सांगितलं ते असं. मारलं त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी पोरगा साध्या कपड्यांत त्याच्याकडे गेला होता. बोलायला भाषा नाही. नुसता उभा राहिला, मग हातगाडीचा दांडा धरला आणि गाडी घरापर्यंत ओढत नेली. पुढे रोज जायचा. पहाटे वाडीतून काकड्या भरून आणून द्यायचा, संध्याकाळी गाडी घरी पोचवायचा. चिखलातून, उतारावरून, जन्मभर हेच केल्यासारखा. म्हाताऱ्याची मुलगी त्याला बघून दार लावून घ्यायची, तरी जायचा. चौकशीच्या दिवशी म्हातारा हेच सांगत होता. सांगत होता की मारलं खरं, पण याला काढू नका. तेवढ्यात बाईंनी पाणी दिलं, आणि पाणी देणाऱ्याच्या शब्दापुढे बोलायचं कसं, म्हणून तो गप्प बसला.

मी पाव तिथंच ठेवला. म्हातारा अजून बोलत होता. मी ऐकून घेतलं नाही, घरी आले. स्वतःला इतक्या शिव्या मी जन्मात घातल्या नव्हत्या. माझं मत कदाचित तेच राहिलं असतं. हाड तर मोडलंच होतं. पण ऐकून तर घेतलं असतं! ऐकायलाच बसवलं होतं ना मला तिथे?

पुढच्या आठवड्यात बसनं ओफाकिमला गेले. धूळ नुसती, आणि एकासारखी एक घरं. आईनं दार उघडलं, मला बघून ती बाजूला झाली, तिनं स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं. पोरगा गिरणीतून आला, केसांत कापूस अडकलेला. मी मराठीत विचारलं, जे तेव्हा विचारायला हवं होतं. "अरे, तू रोज त्याची गाडी ओढत होतास. बोलला का नाहीस मेल्या?"

आईच्या हातातली गाळणी थांबली. तिलाही ठाऊक नव्हतं. "गाडी ओढत होतास?" ती म्हणाली. "बापाची गाडी सुटावी म्हणून तुला पोलीस करत होते मी."

तो खाली बघत म्हणाला, "मावशी, तुम्ही हिब्रूत विचारलंत. तेवढं हिब्रू मला नव्हतं. आणि मारलं तर होतंच की मी."

मला रडू आलं. आईनं चहा पुढे ठेवला. तो जवळ सरकून म्हणाला, "म्हाताऱ्याचा हात बरा झाला का हो, मावशी? काकड्या उचलता येतात?"

आणि मला सांगता येईना. शुक्रवारी त्या गाडीसमोर एवढा वेळ उभी होते मी, आणि त्याच्या हाताकडे बघितलंच नव्हतं.